के. बालचंदर: 'एक दूजे के लिए' सोडून कुणी काय पाहिलंय?

मांबलमकरीण | १४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं चेन्नईत काढली, वेस्ट मांबलममध्ये. वर आम्ही, खाली घरमालकीण मामी. (तिकडे सगळ्याच मामी असतात, नात्याचा संबंध नाही.) मामी सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या, आता सत्तरी उलटलीय. मला तमिळ त्यांनीच शिकवलं आणि पाठ्यपुस्तक होतं के. बालचंदरचे सिनेमे. शनिवारी दुपारी जेवणं उरकली की एक सिनेमा लागायचा. मी "पुरियलै" म्हटलं, म्हणजे कळलं नाही, की मामी पॉज दाबायच्या आणि वाक्य फोडून सांगायच्या. अडीच तासांचा सिनेमा पाच तास चालायचा. त्यांच्या 'कवितालया' बॅनरच्या सुरुवातीला तमिळ संतकवी तिरुवल्लुवर दिसतात आणि त्यांचा पहिला कुरळ (दोन ओळींचं पद्य) ऐकू येतो, 'अगर मुदल एळुत्तेल्लाम'. मला तमिळमधलं पहिलं पाठ झालेलं वाक्य तेच. दूधवाल्याशी बोलताना त्याचा काही उपयोग झाला नाही, ते सोडा.

तर हा माणूस तंजावरकडच्या नन्निलमचा. जन्म १९३०. अण्णामलै विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदवी, मग मद्रासच्या महालेखापाल कार्यालयात नोकरी आणि ऑफिस सुटलं की नाटकं. १९६५ला 'नीर्कुमिळि' हा पहिला सिनेमा केला, सगळी गोष्ट एका इस्पितळात. तिथून पुढची चाळीस वर्षं तमिळ, तेलुगू, कन्नड, हिंदी. २०१०चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. २०१४च्या डिसेंबरात गेले. तमिळ लोक त्यांना 'इयक्कुनर सिगरम' म्हणतात, दिग्दर्शकांमधलं शिखर.

आपल्याकडे मात्र ओळख दोनच: 'एक दूजे के लिए' आणि रजनीकांतचा गुरू. तुम्ही आणखी काही पाहिलंय का?

आणि माझं एक जुनं भांडण आहे, त्यावरही मत हवंय. हा माणूस बायकांना घराच्या दारापर्यंत आणतो, दार उघडतो, आणि बहुतेक वेळा शेवटच्या रिळात परत आत ढकलतो. 'अवळ ओरु तोडर कदै' (१९७४) मधली कविता अख्खं कुटुंब एकटी पोसते. तिचं स्वतःचं लग्न ठरतं, आपल्याला वाटतं सुटली बिचारी, आणि शेवटी ओझं पुन्हा तिच्याच खांद्यावर, ती पुन्हा कामावर. मी मामींना म्हटलं, हा तर अन्याय. मामी म्हणाल्या, "खरं आहे ते." विषय तिथेच संपला, पण माझ्यासाठी संपलेला नाही.

----

गवती_चहा | १४ जून, रात्री १०:०५

मी फक्त 'एक दूजे के लिए'. गोव्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा टॅक्सीवाल्याने दोना पावलाला गाडी थांबवून तो सिनेमा इथलाच म्हणून सांगितलं होतं. बाबा तिथेच 'तेरे मेरे बीच में' गायला लागले, आईने खूण करून गप्प केलं.

बाकी पाटी कोरी. वाचतोय.

----

लंबूटांग | १४ जून, रात्री १०:११

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. रजनीकांतचा गुरू म्हणजे यांनी सिगारेट फेकायला शिकवली की झेलायला?

----

माटुंगा_रोड | १४ जून, रात्री ११:३०

लंबू, विनोद बाजूला ठेव, खरी गोष्ट ऐक.

शिवाजीराव गायकवाड, बंगळुरूचा मराठी घरातला मुलगा, बसकंडक्टर. मद्रासला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला आला. तिथे बालचंदरनी हेरलं आणि पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे तमिळ शिक. शिवाजी नाव ठेवणं शक्य नव्हतं, कारण तिथे शिवाजी गणेशन आधीच बसलेले. म्हणून स्वतःच्याच 'मेजर चंद्रकांत'मधल्या एका पात्राचं नाव उचलून दिलं, रजनीकांत. 'अपूर्व रागंगळ' (१९७५) मधली त्याची एंट्री बघा. दाढीचे खुंट, चुरगळलेला कोट, भलंमोठं फाटक ढकलून आत येतो. तमिळ सिनेमात त्याने उघडलेलं पहिलं दार ते.

आणि तेव्हा हिरो नव्हता हं. 'अवर्गळ'मध्ये बायकोला छळणारा नवरा. 'मूंड्रु मुडिच्चु'मध्ये मित्र बुडत असताना नाव वल्हवत बसणारा. बुडणारा कोण, तर कमल हासन. बालचंदरनी त्याच्यातला खुनशीपणा आधी वापरला, स्टाइल नंतर आली.

मी किंग्ज सर्कलच्या अरोरा टॉकीजजवळ वाढलो. तिथे तमिळ पिक्चर लागायचे. वडिलांच्या ऑफिसातले एक अय्यर काका मला 'तिल्लु मुल्लु'ला घेऊन गेले होते. एक अक्षर कळलं नाही तरी पोट धरून हसलो, कारण 'गोलमाल' आधीच पाठ होता! तिथे अमोल पालेकरची मिशी काढायची-लावायची भानगड, इथे रजनीची. मिशी नसलेला रजनी पाहून थिएटरात जो गलका झाला तो अजून कानात आहे.

----

लाकूडतोड्या | १५ जून, सकाळी ८:१५

एक गोष्ट कुणालाच माहीत नाही असं दिसतंय, म्हणून सांगतो. १९७४ला बालचंदरनी 'नान अवनिल्लै' नावाचा सिनेमा केला. नावाचा अर्थ सांगू? 'तो मी नव्हे'.

होय, आपलं 'तो मी नव्हेच'. आचार्य अत्रे. लखोबा लोखंडेच्या जागी जेमिनी गणेशन. निर्माताही तोच.

----

कोथिंबीर_वडी | १५ जून, सकाळी ८:२२

काय सांगता!! निपाणीचा तंबाखूवाला मद्रासला पोचला?

----

लाकूडतोड्या | १५ जून, सकाळी ९:०३

पोचला आणि बक्षीसही घेऊन आला. जेमिनीला त्या वर्षीचं तमिळसाठीचं फिल्मफेअर मिळालं. पण धंदा फारसा झाला नाही. मला विचाराल तर कारण उघड आहे. पणशीकर एकाच प्रयोगात डोळ्यांदेखत माणसं बदलायचे, फिरता रंगमंच गर्रकन फिरायचा आणि समोर दुसराच इसम उभा. प्रेक्षकाला माहीत असायचं की आत विंगेत धावपळ चालू आहे, आणि मजा त्या धावपळीची होती. सिनेमात काय, मधे कट मारला की झालं. वेषांतराचं आश्चर्यच उरत नाही. नाटकातून आलेल्या बालचंदरना हे कळलं नसेल असं नाही, तरी मोह झाला खरा.

जेमिनीची निवड मात्र अफलातून. तमिळ सिनेमात त्याची ओळखच 'कादल मन्नन', प्रेमाचा राजा. बायका फसवणाऱ्या माणसाच्या भूमिकेत प्रेमाचा राजा बसवायचा, यात दिग्दर्शकाचा मिश्कीलपणा दिसतो.

----

लंबूटांग | १५ जून, सकाळी ९:१०

म्हणजे ते आमचं घेतात, आमचे हिंदीवाले त्यांचं घेतात, हिशेब फिटला.

----

माटुंगा_रोड | १५ जून, सकाळी ९:४८

फिटला कसला, हिंदीवाल्यांचं कर्ज डोंगराएवढं आहे. 'भामा विजयम'चं 'तीन बहुरानियाँ'. 'सर्व्हर सुंदरम'चं (लेखन बालचंदरचं, दिग्दर्शन कृष्णन-पंजूंचं) 'मैं सुंदर हूँ'. 'एदिर नीच्चल'चं 'लाखों में एक'. 'इरु कोडुगळ'चं 'संजोग'. 'अवळ ओरु तोडर कदै'चं 'जीवन धारा'. मेहमूदने तर नागेशच्या दोन भूमिका उचलल्या. नागेश हा बालचंदरचा सुरुवातीचा खरा हिरो. काडी पैलवान, चेहऱ्यावर देवीचे व्रण, आणि टायमिंग असं की समोरचा नट गोंधळावा.

'एदिर नीच्चल' जमल्यास बघाच. खूप बिऱ्हाडांचं एक घर आणि त्या घराच्या जिन्याखाली राहणारा अनाथ मुलगा, सगळ्यांची कामं करत शिकणारा. आपल्या चाळीत असा एक पोऱ्या असायचाच. आणि त्यात एक खोकणारे आजोबा आहेत, त्यांचा फक्त खोकला ऐकू येतो, म्हातारा शेवटपर्यंत दिसत नाही. नाटकवाल्याचं डोकं आहे ते.

----

सरोजा_४७ | १५ जून, दुपारी १:२०

मांबलमकरीणताईंच्या मूळ मुद्द्यावर येते. चेन्नईत नाही, पण कोइमतूरला चार वर्षं होते, आणि सबटायटलच्या कृपेने पुष्कळ पाहिलंय.

माझं मत स्पष्ट आहे. बालचंदरची बाई म्हणजे त्यागाची मूर्ती, फक्त साडी नीट नेसलेली आणि इंग्रजी बोलणारी. 'अरंगेट्रम' (१९७३) घ्या. कर्मठ भिक्षुकाची मोठी मुलगी, घरात खंडीभर पोरं, खायला दाणा नाही. ती शहरात जाऊन देह विकते, त्या पैशावर घर उभं राहतं, आणि मग तेच घर तिला उंबऱ्याबाहेर काढतं. सिनेमा तिच्या बाजूने बोलतो, मान्य. पण वाट्याला काय देतो? 'सिंधु भैरवी'तली सिंधू एवढी शिकलेली, भर सभेत मोठ्या गवयाला सुनावणारी. शेवटी काय करते? स्वतःचं मूल त्याच्या मूल नसलेल्या बायकोच्या ओटीत घालून निघून जाते. हे कसलं पुरोगामीपण? आणि तो गवई? तो पुन्हा गाऊ लागतो, टाळ्या घेतो.

'अपूर्व रागंगळ'चं तेच. मुलगा मोठ्या वयाच्या गायिकेच्या प्रेमात, तिची मुलगी त्याच्या बापाच्या प्रेमात. केवढं धाडस! आणि शेवटी? हरवलेला नवरा मरणाच्या दारात असताना उगवतो, आणि ज्याची त्याची सगळी आपापल्या घरी परत.

----

गवती_चहा | १५ जून, दुपारी १:२६

अहो सरोजाताई, तीन सिनेमांचे शेवट एका प्रतिसादात?? मी आजच यादी करायला घेतली होती.

----

सरोजा_४७ | १५ जून, दुपारी १:३१

पन्नास वर्षं झाली बाळा त्या सिनेमाला. तू आणखी किती थांबणार होतास?

----

लंबूटांग | १५ जून, दुपारी १:५५

बाप मुलीशी, मुलगा तिच्या आईशी. हे कागदावर मांडून बघितलं. मुलगा त्या आईचा नवरा, म्हणजे त्या मुलीचा सावत्र बाप. बाप त्या मुलीचा नवरा. म्हणजे बाप स्वतःच्या मुलाचा जावई. दिवाळसणाला कोण कोणाकडे जाणार?

----

लाकूडतोड्या | १५ जून, दुपारी २:१४

लंबू, हे कोडं तू नाही काढलंस, वेताळाने काढलंय. वेताळ पंचविशीतली शेवटची कथा. बापाने मुलीशी आणि मुलाने आईशी लग्न केलं तर त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? विक्रम राजा पहिल्यांदाच गप्प बसतो. बालचंदरनी ते कोडं सरळ मद्रासच्या बंगल्यात आणून बसवलं. आणि उत्तर राजालाच आलं नाही, तर त्यांनी तरी लग्न लावायची कशाला, असं म्हणून सोडून दिलं असेल.

'इरु कोडुगळ' म्हणजे 'दोन रेघा', ती आपली बिरबलाची गोष्ट: रेघ न पुसता लहान करून दाखव. शेजारी मोठी रेघ ओढायची. त्यात नवरा कारकून, आणि त्याची सोडलेली पहिली बायको कलेक्टर होऊन त्याच्याच कचेरीत साहेब म्हणून येते. महालेखापाल कार्यालयात फायली वाहिलेल्या माणसालाच सुचेल असं. १९६९ सालात बायकोला 'मॅडम' म्हणणारा नवरा दाखवला आणि राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

----

तांबडा_पांढरा | १५ जून, दुपारी ३:४०

सरोजाताईंशी असहमत. जरा लांबच लिहितो.

तुम्ही फक्त शेवट मोजताय. शेवट हा त्या काळच्या व्यापारी सिनेमातला टोलनाका होता, तो भरल्याशिवाय गाडी पुढे जात नव्हती. मधले दोन तास बघा ना. 'अवर्गळ' (१९७७). सुजाता तान्ह्या मुलासह छळकुट्या नवऱ्याला सोडून नव्या शहरात नोकरी करते. तीन पुरुष तिच्याभोवती: जुना प्रियकर, घटस्फोट झालेला नवरा, आणि कमल, जो बोलक्या बाहुल्याच्या तोंडून स्वतःचं प्रेम सांगतो कारण स्वतःच्या तोंडून सांगायची हिंमत नाही. आणि घरात मोलकरीण म्हणून कोण येते? तिची सासू. मुलाची पापं फेडायला. आता शेवट सांगतो (गवतीचहा, डोळे मीट). ती तिघांपैकी कुणालाही निवडत नाही. गाव सोडून जाते, आणि सोबत जाते ती सासू. १९७७ साली! आजच्या मालिकांमध्ये सासू-सून अशा निघाल्या तर वाहिनीवाल्यांना घाम फुटेल.

'अच्चमिल्लै अच्चमिल्लै'मध्ये सरिता राजकारणात सडलेल्या नवऱ्याला स्वतः संपवते. ही कुठली त्यागमूर्ती?

'मूंड्रु मुडिच्चु' तर कहर. श्रीदेवी तेव्हा तेरा वर्षांची. तिच्या मागे लागलेल्या रजनीवर सूड कसा, तर ती त्याच्या विधुर बापाशी लग्न करून त्याची आई होऊन घरात येते. 'आता मला आई म्हण.'

----

कोथिंबीर_वडी | १५ जून, दुपारी ४:०२

तेरा वर्षांच्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न दाखवलं, हे बाजूच्या पारड्यात टाकताय की विरुद्ध? मला तरी काटा आला.

----

तांबडा_पांढरा | १५ जून, दुपारी ४:१९

हं. हा मुद्दा मान्य. पात्राचं वय मोठं आहे, पण पडद्यावर पोरगीच दिसते.

----

सरोजा_४७ | १५ जून, सायं. ६:४५

टोलनाक्याची उपमा आवडली, पण टोल दर वेळी बाईच भरते, हेच तर म्हणतेय.

आणि विषय निघालाच आहे तर 'पुन्नगै मन्नन' (१९८६) बद्दल. सुरुवातीला प्रेमी युगुल धबधब्यावरून उडी मारणार असतं, तिथे कमल रेखाचं चुंबन घेतो. रेखांनी पुढे मुलाखतीत सांगितलं की हे आपल्याला आधी सांगितलेलं नव्हतं. तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या. पडद्यावर बाईच्या मनाची एवढी बूज राखणारा दिग्दर्शक, आणि कॅमेऱ्यामागे हे. मला त्यानंतर तो सिनेमा पूर्वीसारखा बघता आला नाही. गाणी चालू ठेवते, चित्र बघत नाही.

----

माटुंगा_रोड | १५ जून, रात्री ९:२०

यावर बचाव नाही. तेव्हा चालायचं, हे उत्तर मला स्वतःलाच पटत नाही.

त्याच सिनेमाबद्दल एक वेगळी गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. 'एक दूजे के लिए'चा शेवट सगळ्यांना माहीत आहे. मूळ तेलुगू 'मरो चरित्र' (१९७८), विशाखापट्टणमचा किनारा, कृष्णधवल, आणि तेलुगू असून मद्रासच्या सफायर थिएटरात दीड वर्षाहून जास्त चालला. हिंदीत १९८१ला आला तेव्हा तो पाहून जोडप्यांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. आमच्या कॉलेजात प्राचार्यांनी सभा घेऊन पोरांना समजावलं होतं, एवढी धास्ती. आणि पाच वर्षांनी हाच माणूस सिनेमा करतो, त्यात जोडपं सुरुवातीलाच उडी मारतं, ती मरते आणि तो वाचतो. पुढचा अख्खा सिनेमा काय, तर मेलेलीच्या आठवणीसकट जगायचं कसं. त्यांनी तसं कुठे म्हटलंय का ठाऊक नाही, पण मला ते स्वतःच्याच जुन्या शेवटाशी घातलेलं भांडण वाटतं.

(अर्थात शेवटी तिथेही दोघांना मारलंच. खोड जात नाही.)

----

सूर_निरागस | १५ जून, रात्री १०:०८

धाग्यावर एवढा वेळ झाला आणि गाण्यांबद्दल कुणी बोलत नाही?

'एक दूजे के लिए'च्या वेळी लक्ष्मीकांतजी एस. पी. बालसुब्रह्मण्यमना घ्यायला तयार नव्हते, हिंदी उच्चारांवरून. बालचंदर अडून बसले: माझा नायक तमिळ आहे, त्याचं हिंदी मोडकंच हवं. झालं काय? पहिल्याच हिंदी सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार. हा हट्ट फक्त पात्राच्या जिभेपर्यंत विचार करणारा माणूसच करतो.

'अपूर्व रागंगळ'मध्ये नायिकाच गायिका, नाव भैरवी. तिच्या गाण्यासाठी वाणी जयराम यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वाणी जयराम आपल्याला कशा माहीत? 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी', कुमार गंधर्वांबरोबर, वसंत देसाईंचं संगीत. त्याच त्या. आणि त्याच सिनेमातलं येसुदासांचं 'अदिसय रागम' सुरू होतं 'महती' रागात. बालमुरलीकृष्णांनी निर्मिलेला चार सुरांचा राग. एम. एस. विश्वनाथननी तो उचलला आणि सिनेमात वापरला. नावच 'अपूर्व राग' म्हटल्यावर राग तरी अपूर्व नको का!

'सिंधु भैरवी' (१९८५) वर तर स्वतंत्र धागा हवा. सिंधू भर मैफलीत शास्त्रीय गवयाला विचारते, समोर बसलेल्यांना न कळणाऱ्या तेलुगूत का गाता, तमिळमध्ये का नाही? तो चिडून म्हणतो, तूच गा. ती रस्त्यावरच्या बाईच्या साध्या बोलांनी सुरू करते, 'पाडरियेन पडिप्परियेन', मला गाता येत नाही, वाचता येत नाही, आणि चढत चढत त्यागराजांच्या 'मरि मरि निन्ने'वर जाऊन पोचते. मूळ कृती कांभोजी रागातली, इळैयराजांनी ती सारमतीत बांधली. कर्मठ लोकांच्या कपाळाला आठ्या. चित्रा, इळैयराजा, सुहासिनी, तिघांनाही राष्ट्रीय पुरस्कार. सरोजाताई, शेवट काहीही असो, त्या पाच मिनिटांत सगळा सिनेमा तिचा आहे.

----

सरोजा_४७ | १५ जून, रात्री १०:३०

ती पाच मिनिटं मीही आठवड्यातून एकदा बघते. तिथे भांडण नाही.

----

दुष्काळी_इंजिनीअर | १६ जून, सकाळी ७:५०

सगळे बायका आणि गाण्यांवर. मी पाण्यावर बोलतो, तोच माझा धंदा.

'तण्णीर तण्णीर' (१९८१). कोमल स्वामिनाथन यांचं नाटक, त्यावरून सिनेमा. पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार. तमिळनाडूच्या दक्षिणेकडचं कोरडंठाक गाव, बायका मैलोन् मैल घागरी वाहतात. पोलिसांपासून पळणारा एक खुनी गावात येतो आणि बैलगाडीवर पिंप लादून पाणी आणायला लागतो. गाव त्याला देव मानतं. मग गावकरी ठरवतात, सरकार काही करत नाही ना, आपणच चर खणू. तेव्हा मात्र सरकार धावून येतं. पाणी द्यायला नाही, खणणं थांबवायला. नियमात बसत नाही.

मी बीड जिल्ह्यात टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवलाय. कागदावर फेरी आणि गावात फेरी यातलं अंतर मला माहीत आहे. त्यामुळे त्यातला अर्ज-विनंत्यांचा भाग बघताना हसावं की रडावं कळेना. सरिताचा नवरा पोलीस, तो कायद्याच्या बाजूला, ती गावाच्या. इथे मात्र बाई उंबऱ्याच्या आत ढकलली जात नाही, कारण घरात रांजणच कोरडा आहे.

एक तक्रार: संवाद फार. सगळे खेडूत मुद्देसूद बोलतात. आमच्याकडे गावसभेत एकाच वेळी पंधरा जण बोलतात आणि कुणाचंच वाक्य पुरं होत नाही.

----

तांबडा_पांढरा | १६ जून, सकाळी ८:३५

संवादांबद्दल +१. नाटकातून आलेली सवय. पण 'वरुमैयिन निरम सिवप्पु'मध्ये (१९८०) बघा, दिल्लीत बेकार तमिळ पोरं, खायला काही नाही, आणि पाहुण्यासमोर अब्रू जाऊ नये म्हणून आत बसून जेवल्याचे आवाज काढतात. ताट रिकामं. तिथे संवाद नाहीत, फक्त आवाज. कमल एरवी सारखा तमिळ कवी भारतीयारांच्या कविता म्हणत असतो, आणि शेवटी न्हाव्याचं काम पत्करतो.

----

लंबूटांग | १६ जून, सकाळी ९:००

मग 'अण्णामलै' आणि 'मुत्तु' कुणाचे? मला वाटलेलं हेच त्यांचे.

----

माटुंगा_रोड | १६ जून, सकाळी ९:३२

निर्मिती त्यांच्या 'कवितालया'ची, दिग्दर्शन इतरांचं: सुरेश कृष्णा आणि के. एस. रविकुमार. गंमत हीच. 'तिल्लु मुल्लु'नंतर रजनीला नायक घेऊन त्यांनी स्वतः सिनेमा केला नाही. शिष्य इतका मोठा झाला की गुरूच्या गोष्टीत मावेना. मग गुरूने निर्माता होऊन शिष्याच्या सिनेमावर कंपनी चालवली, 'मुत्तु' तर जपानमध्ये गाजला. आणि त्याच कंपनीने मणिरत्नमचा 'रोजा' काढला, म्हणजे रहमानचा पहिला सिनेमाही याच दारातून. प्रकाश राजचा पहिला तमिळ सिनेमा 'डुएट'ही बालचंदरचाच.

----

गवती_चहा | १७ जून, रात्री ११:५०

मंडळी, 'अवर्गळ' पाहिला. शेवट माहीत असूनही. सबटायटल भयंकर होती, एका ठिकाणी 'सासूबाई' ऐवजी 'कायद्यातली आई' असं काहीतरी. बायकोला नुसतं शेजारी बसवलं होतं, ती मोबाइल बघत होती. बाहुला बोलायला लागल्यावर मोबाइल खाली गेला. शेवटाला मी "बघ, सासू-सून निघाल्या" म्हणालो, तर म्हणाली, "मुलाला कोण सांभाळणार नोकरी करताना? तिने बरोबर माणूस नेलं."

माझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

----

कोथिंबीर_वडी | १८ जून, सकाळी ७:१२

हाहाहा, वहिनींना दंडवत.

----

मांबलमकरीण | १८ जून, रात्री ८:२५

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! लाकूडतोड्या, 'नान अवनिल्लै'चं मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं, मामींनीही सांगितलं नाही. सूर_निरागस, स्वतंत्र धागा काढाच.

काल मामींना फोन लावला. त्या आता मुलाकडे असतात. सरोजाताई आणि तांबडा-पांढरा यांचं भांडण जमेल तसं तमिळमध्ये सांगितलं. टोलनाका कसा सांगायचा ते अडलं, मग 'टोलगेट' म्हटलं. मामी बराच वेळ हसल्या आणि मग जे सांगितलं ते इतकी वर्षं माझ्यापासून लपवलेलं होतं.

'अवळ ओरु तोडर कदै' त्यांनी १९७४ला पाहिला तो पहिल्या पगारातून, ऑफिसातल्या दोघींबरोबर. तेव्हा त्या नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहायच्या आणि फाटक नऊला बंद व्हायचं. संध्याकाळचा खेळ, तिकडे कविताचं लग्न ठरलंय, इकडे घड्याळात साडेआठ. तिघी उठल्या आणि बससाठी पळाल्या. शेवट पाहिलाच नाही. मामींनी स्वतःच ठरवून टाकलं की कविताचं लग्न झालं, ती गेली, आणि घरच्यांनी आपापलं बघितलं. घरी भावाला चार पानी पत्रही लिहिलं म्हणे, की पुढच्या वर्षापासून पैसे कमी पाठवीन.

"मग खरा शेवट कधी कळला?"

"टीव्हीवर लागला तेव्हा. मुलगा दहावीत होता. मी टीव्ही बंद केला आणि दोसे घालायला गेले."

"आणि भावाला पैसे?"

"ते कमी केलेच होते ना. पत्र गेलं होतं."

----

सरोजा_४७ | १८ जून, रात्री ८:४०

मामींना इथे आयडी काढून द्या. मी मराठी शिकवते.

----

लंबूटांग | १८ जून, रात्री ८:४४

आयडीच्या आधी कुणीतरी 'अवर्गळ'ची नीट सबटायटलवाली प्रत सांगा, आमच्या घरी दोघी वाट बघतायत.